शाळेतील ध्वनिमुद्रक : मुद्रण आणि जतन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या कपाटात नोंदवह्यांची उणीव नसते. हजेरीपट, दाखलखारीज नोंदवही, जडसंग्रह नोंदवही, पोषण आहाराची नोंदवही, शेरेबुक, पालकसभेचे इतिवृत्त अशी कितीतरी दप्तरे तेथे ओळीने मांडलेली असतात. गावातील कोणते मूल केव्हा शाळेत आले, केव्हा दाखला घेऊन गेले, कोणत्या वर्षी किती बाके आली, कोणत्या दिवशी किती तांदूळ शिजला, हे सारे पन्नास वर्षांनंतरही सांगता येते. परंतु तेच मूल पहिलीत असताना कसे वाचीत होते, कोणत्या अक्षरापाशी अडखळत होते, परिपाठात कविता कोणत्या चालीवर म्हणत होते, त्याची आजी जात्यावर बसून काय गात होती, याचा लेख मात्र कोठेही सापडत नाही. आवाज उच्चारताक्षणीच विरून जातो, आणि शाळेच्या दप्तराला आजवर तो धरून ठेवण्याचे साधन नव्हते.

ते साधन आता शिक्षकाच्या हाती आले आहे. मुठीत मावेल एवढा डिजिटल ध्वनिमुद्रक, म्हणजे व्यवहारात ज्याला रेकॉर्डर म्हणतात तो, पेटीतील दोन सेलांवर कित्येक तास चालतो. ज्या शाळेत तो नाही तेथे शिक्षकाचा मोबाइल संच पुष्कळ अंशी तेच काम करू शकतो. साधन सोपे आहे. कळ दाबणे कोणासही जमते. परंतु कळ दाबली म्हणजे आवाज जतन झाला अशी जी समजूत रूढ आहे, ती सोडल्यावाचून या साधनाचा उपयोग होणार नाही. मुद्रण हा कामाचा पहिला अर्धा भाग होय. ते संगणकावर उतरविणे, तपासणे, त्याला नाव देणे आणि त्याच्या प्रती करणे हा दुसरा अर्धा भाग असून तोच अधिक महत्त्वाचा आहे.

लेखणीला जे साधत नाही

लिहून घेतले असता काम भागत असताना ध्वनिमुद्रणाची यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठी लिपीतच आहे. ‘जरा’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तर त्याचा अर्थ ‘थोडेसे’ असा की ‘म्हातारपण’ असा, हे अक्षरांवरून कळत नाही. उच्चार ऐकला की तत्काळ उलगडा होतो, कारण पहिल्या शब्दातील ‘ज’ दंततालव्य आहे आणि दुसऱ्यातील तालव्य. ‘चार’ या संख्येतील ‘च’ आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तील ‘च’ यांचीही तीच गोष्ट. लिपी दोन्हींना एकच चिन्ह देते; कान त्यांना वेगळे ओळखतो.

प्रमाण भाषेतच हे अंतर असेल, तर बोलींच्या बाबतीत ते किती वाढत असेल याची कल्पना करावी. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ या शब्दाला ‘डोया’ म्हणते. खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेले मूल, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरातून आलेले मूल, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरातून आलेले मूल, ही सारी आपापले ध्वनी आणि आपापला स्वराघात घेऊन मराठी पाठ्यपुस्तकासमोर बसतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे आणि गोंडी द्राविडी कुळातील. मराठीच्या उच्चारव्यवस्थेशी त्यांचा जन्माचा संबंध नाही. अशा मुलाचे वाचन एकदाच ऐकून ‘अशुद्ध’ असा शेरा मारणे सोपे असते. तेच वाचन मुद्रित करून सायंकाळी शांतपणे दोनतीन वेळा ऐकले, तर त्या अशुद्धतेत एक नियम आहे, ठरावीक जागी ठरावीक ध्वनी बदलत आहे, हे शिक्षकाच्या ध्यानात येते. जे नियमाने होते तो दोष नसून मुलाच्या घरच्या भाषेचा ठसा असतो. आणि ठसा ओळखता आला म्हणजे शिकविण्याची वाटही सापडते.

यापूर्वीचे दोन उद्योग

माणसाचा आवाज यंत्रावर उतरवून पुन्हा ऐकविण्याची युक्ती एडिसनने १८७७ मध्ये साधली. पुढे सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाला जोडून या देशातील अनेक भाषांची आणि बोलींची ग्रामोफोनवर मुद्रणे झाली. उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या प्रांतांतील माणसांनी आपापल्या बोलीत सांगितली आणि ती तबकड्यांवर घेतली गेली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीनचार मिनिटांचा मजकूर मावे. तरीही शंभर वर्षांपूर्वीचे ते बोल आज इंटरनेटवर ऐकता येतात. कारण प्रत्येक तबकडीला क्रमांक होता, बोलीचे नाव होते आणि तिच्या प्रती एकाहून अधिक संस्थांत ठेवलेल्या होत्या.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे काम हाती घेतले. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागापासून आरंभ होऊन ते हजाराहून अधिक गावांत पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आरंभी त्या वहीत उतरल्या. परंतु ओवी ही केवळ शब्दांची रचना नव्हे. जात्याची घरघर, दोघींनी एकमेकींच्या आवाजात मिसळलेला आवाज, दम घेण्याची जागा, ओळ पुन्हा उचलण्याची पद्धत, हे सारे तिचे अंग असते, आणि ते वहीत उतरत नाही. पुढे बर्नार्ड बेल या कामात आले. १९९० नंतरच्या दशकात डिजिटल पद्धतीने मुद्रणे झाली आणि सुमारे १२० तासांचा आवाज संग्रहात जमला. २०१७ पासून ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या लोकांसमोर आणण्यास प्रारंभ केला. मधल्या काळात गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, घरोघरचे जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी गाण्याचा प्रसंगच उरला नाही. संग्रहात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिलेले होते, म्हणूनच इतक्या वर्षांनी त्या गावांत पुन्हा जाऊन त्या बायांना भेटणे शक्य झाले. नावाशिवाय नुसता आवाज उरला असता, तर तो कोणाचा हे कोणी सांगितले असते?

या दोन्ही उद्योगांचा धडा एकच आहे. आवाज यंत्रामुळे मिळाला. पण तो टिकला तो नोंदीमुळे आणि प्रतींमुळे.

यंत्र काय करते

मुलाच्या आरोग्यपत्रकात दर महिन्याला वजनाची नोंद करतात आणि आलेखावर ते बिंदू जोडतात. बिंदू तुटक असले, तरी वाढीची रेषा स्पष्ट दिसते. डिजिटल ध्वनिमुद्रक आवाजाच्या लहरीच्या बाबतीत हेच करतो. मात्र महिन्यातून एकदा नव्हे, तर सेकंदात ४४,१०० वेळा. प्रत्येक वेळी लहरीची उंची मोजून तो ती आकड्यात लिहितो. मानवी कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कोणतेही कंपन आकड्यात पकडावयाचे, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी व्हावी लागते. ४४,१०० ही संख्या त्यासाठीच आहे. उंचीची मोजणी सोळा बिटांत केली, तर तिच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. मोठे ध्वनिसंग्रह याहून सूक्ष्म, म्हणजे ४८,००० वेळा आणि २४ बिटांत मोजणी करतात. शाळेच्या कामाला पहिले माप पुरेसे आहे.

हे सारे आकडे जशाच्या तसे ठेवले म्हणजे ‘वेव्ह’ प्रकारची फाईल होते. कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळून ती आखडली म्हणजे ‘एमपी-थ्री’ प्रकारची फाईल होते. सातवीच्या मुलांना हे गणित घालण्यासारखे आहे. एका ध्वनिवाहिनीच्या वेव्ह फाईलला सेकंदाला ४४,१०० गुणिले २, म्हणजे ८८,२०० बाइट लागतात. मिनिटाला ५२,९२,००० आणि तासाला ३१,७५,२०,००० बाइट, म्हणजे सुमारे ३१८ एमबी. बत्तीस जीबीच्या कार्डावर असे सुमारे शंभर तास मावतात. डावी-उजवी अशा दोन वाहिन्या घेतल्या तर त्याच्या निम्मे. १२८ केबीपीएसची एमपी-थ्री फाईल तासाला सुमारे ५८ एमबीच घेते. परंतु आखडताना जे वगळले ते पुन्हा मिळत नाही. यास्तव जे कायम ठेवावयाचे ते वेव्हमध्ये मुद्रित करावे, आणि ऐकविण्यासाठी किंवा पाठविण्यासाठी त्याची एमपी-थ्री प्रत काढावी. वेव्हवरून एमपी-थ्री केव्हाही होते. उलट दिशेने गेलेला तपशील परत येत नाही.

मुद्रणापूर्वी

यंत्र प्रथम हाती आल्यावर त्यातील घड्याळ आणि तारीख लावावी. प्रत्येक फाईलवर यंत्र स्वतःची तारीख टाकते. ती चुकीची असेल तर पुढे साऱ्या नोंदींचा घोटाळा होतो. सेल फार दिवस काढून ठेवले तर पुष्कळ यंत्रांतील घड्याळ मागे पडते, म्हणून ते प्रत्येक वेळी पाहावे. जादा सेल जवळ ठेवावेत, आणि कार्डावर किती जागा शिल्लक आहे ते निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

जागेची निवड ही निम्मी सिद्धी होय. रिकाम्या वर्गखोलीच्या उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि बोलणे घुमते. सतरंज्या, तरटे, गोणपाट किंवा मुले यांनी भरलेली लहान खोली अधिक चांगली. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण घेऊ नये. गावात मुद्रण करावयाचे असल्यास गिरणी, पाण्याचा पंप आणि देवळातील ध्वनिक्षेपक यांच्या वेळा टाळाव्यात. मोबाइल संच यंत्रापासून दूर ठेवावा, कारण त्याची घरघर काही वेळा मुद्रणात उतरते.

यंत्र बोलणाऱ्याच्या तोंडापासून एकदोन वितींवर, किंचित बाजूला ठेवावे. अगदी समोर ठेवल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुत्कार त्यावर आदळतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते, आणि आसपासचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून यंत्र जवळ नेणे हाच आवाज वाढविण्याचा खरा उपाय आहे. ते उघड्या टेबलावर ठेवू नये; खाली घडी घातलेला रुमाल असावा, म्हणजे टेबलाला लागलेला धक्का आवाजात येत नाही. वारा असेल तर ध्वनिग्राहकावर स्पंजाची टोपी घालावी.

मुद्रण करताना

पडद्यावर आवाजाची पट्टी हालताना दिसते. तिच्या वरच्या टोकाला शून्य असते आणि खाली वजा आकडे असतात. सर्वांत मोठा आवाज वजा १२ च्या आसपास पोहोचेल अशी पातळी ठेवावी. पट्टी शून्याला भिडली म्हणजे लहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. हा दोष पुढे कोणत्याही उपायाने पुरता नाहीसा होत नाही. आवाज थोडा लहान राहिला तर तो मागाहून वाढविता येतो. म्हणून संशय असल्यास पातळी कमीच ठेवावी. पातळी आपोआप जुळविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. परंतु बोलणारा थांबला की ती मागचा गोंगाट वर उचलते. शक्य तेथे पातळी हाताने लावणे बरे.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. पुष्कळ यंत्रांत मुद्रणाची कळ एकदा दाबली असता मुद्रण सुरू होत नाही. यंत्र केवळ सज्ज होते आणि तांबडा दिवा लुकलुकू लागतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि वेळेचे आकडे पुढे सरकू लागतात. दिवा पाहून समाधान मानणाऱ्याच्या हाती तासाभराने रिकामे कार्ड येते. म्हणून दिव्यावर विश्वास न ठेवता आकड्यांवर ठेवावा : आकडे सरकत असतील तरच मुद्रण चालू आहे. आरंभी अर्धा मिनिट मुद्रण करून, कानाला हेडफोन लावून ते ऐकावे आणि मगच खऱ्या कामास लागावे.

प्रत्येक मुद्रणाच्या प्रारंभी शिक्षकाने स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि विषय सांगावा. कागद हरवला तरी हा मजकूर आवाजाबरोबर राहतो. काम संपल्यावर थांबण्याची कळ दाबून यंत्राने फाईल पुरती लिहीपर्यंत धीर धरावा. त्याआधी सेल काढल्यास किंवा कार्ड ओढल्यास फाईल अपुरी राहण्याचा धोका असतो.

संगणकावर उतरविणे

मुद्रण आणि उतरविणे यांच्यामध्ये दिवस जाऊ देऊ नयेत. कार्ड ही साठवणाची जागा नव्हे. ती केवळ वाहतुकीची पिशवी होय. बाजारातून आणलेला भाजीपाला कोणी पिशवीतच ठेवीत नाही. ज्या दिवशी मुद्रण त्याच दिवशी उतरविणे, हा नियम करावा. शाळेत संगणक नसेल किंवा वीज गेली असेल, तर केंद्रशाळेत जाईपर्यंत त्या कार्डावर दुसरे काही मुद्रित करू नये आणि त्यावरील काही पुसू नये.

उतरविण्याची रीत अशी. यंत्र यूएसबी केबलने संगणकाला जोडावे. काही यंत्रे ‘साठवण’ की ‘ध्वनिग्राहक’ असे विचारतात. तेथे साठवण निवडावी. संगणकाच्या पडद्यावर यंत्र एखाद्या पेनड्राइव्हप्रमाणे दिसू लागते. केबल नसेल तर कार्ड काढून कार्ड-रीडरमध्ये घालावे. प्रथम संगणकावर त्या दिवसाचा वेगळा फोल्डर करावा. मग कार्डावरील फाईली त्यात उतरवाव्यात. हे करताना ‘कॉपी’च करावे, ‘कट’ कधीही करू नये. ‘कट’ करून हलविताना मध्येच वीज गेली किंवा केबल सुटली, तर कोणती फाईल कोठे राहिली याचा ताळमेळ लागत नाही. कॉपी करताना काहीही झाले, तरी मूळ कार्डावर शाबूत असते.

यानंतर तपासणी. कार्डावर जितक्या फाईली होत्या तितक्याच फोल्डरमध्ये आल्या काय, आणि प्रत्येकीचा आकार दोन्हीकडे सारखाच आहे काय, हे पाहावे. लांब मुद्रण यंत्राने आपण होऊन दोनतीन फाईलींत विभागलेले असते; त्यातील एखादी मागे राहण्याचा संभव असतो. मग संगणकावरील प्रत उघडून तिचा आरंभ, मध्य आणि शेवट ऐकावा. एवढे झाल्यावरच संगणकाला ‘इजेक्ट’ची आज्ञा देऊन यंत्र सोडवावे. दुसरी प्रत वेगळ्या जागी झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. आणि पुसावयाचे तेव्हा ते संगणकावर न पुसता यंत्रातच ‘फॉरमॅट’ करावे, म्हणजे यंत्राला हवी तशी त्याची रचना होते.

एखादी फाईल चुकून पुसली गेलीच, तर घाबरून यंत्र पुन्हा चालवू नये. पुसलेल्या मजकुराची जागा यंत्र ‘मोकळी’ म्हणून नोंदविते; पण नवे मुद्रण तीवर पडेपर्यंत जुने आकडे बहुधा तेथेच असतात. ते कार्ड तसेच काढून ठेवून जाणत्या माणसाकडे न्यावे. फाईल परत मिळण्याचा संभव असतो.

ज्यांच्याकडे मोबाइल संचच आहे, त्यांनीही हेच सारे पाळावे. त्यातील ध्वनिमुद्रणाच्या सोयीत सर्वांत उत्तम दर्जा निवडावा आणि फाईल केबलनेच संगणकावर उतरवावी. व्हॉट्सॲपवरील बोलका निरोप हा निरोपच होय. त्यात आवाज फार आखडला जातो. त्या मार्गाने पाठविणे भागच असेल, तर फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते.

नाव, वर्णन आणि प्रती

यंत्र फाईलींना स्वतःच क्रमांक देते. परंतु शून्य-शून्य-सात या क्रमांकावरून सहा महिन्यांनी कोणासही काही कळत नाही. उतरविल्याबरोबर नाव बदलावे. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गाव, विषय आणि क्रमांक, अशा क्रमाने ते लिहावे. या क्रमाने लिहिले असता संगणकावर फाईली आपोआप काळाच्या ओळीने लागतात. प्रत्येक ठिकाणी एकच पद्धत ठेवावी.

नावापलीकडचे वर्णन नोंदवहीत लिहावे. जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे एक ‘ध्वनिसंग्रह नोंदवही’ आखून घ्यावी. तीत फाईलचे नाव, दिनांक, स्थळ, बोलणाऱ्याचे नाव आणि वय, बोली, विषय, कालावधी, मुद्रण करणाऱ्याचे नाव, संमती घेतल्याची नोंद आणि प्रती कोठे आहेत, असे रकाने असावेत. गावातील शब्दांचे अर्थ त्याच दिवशी विचारून लिहावेत. कुळवाच्या किंवा मोटेच्या एकेका भागाचे नाव सांगणारा म्हातारा पुढल्या वर्षी भेटेलच असे नाही.

मूळ फाईलला कधीही हात लावू नये. काटछाट करावयाची असेल, तर ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य मिळणाऱ्या साधनाने तिच्या प्रतीवर करावी. एकूण प्रती तीन असाव्यात : एक शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि तिसरी शाळेबाहेर, उदाहरणार्थ केंद्रशाळेत. एकाच कपाटातील तीन प्रती म्हणजे एकच प्रत. कपाटाला वाळवी लागली की तिन्ही जातात. वर्षातून एकदा, उन्हाळी सुटीपूर्वी, प्रत्येक फाईल उघडते काय ते पाहावे. शिक्षकाची बदली झाली, तर किल्ल्या आणि शिक्के यांच्याबरोबर ध्वनिसंग्रहाचाही कार्यभार रीतसर सोपवावा. शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये राहिलेला संग्रह त्याच्याबरोबर गाव सोडून जातो.

संमती आणि मर्यादा

आवाज ही माणसाची स्वतःची वस्तू आहे. ती घेण्यापूर्वी विचारले पाहिजे, आणि कशासाठी हवी आहे हे समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. कायदा नसता, तरी शिक्षकाने तसेच वागावयास हवे होते. मुलाच्या अडखळत्या वाचनाचे मुद्रण हे मूल, शिक्षक आणि पालक यांच्यापुरतेच असते. ते गावाच्या किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरविणे म्हणजे मुलाची विटंबना होय. एखाद्या वृद्धेने गायिलेल्या ओवीत सासरचे दुःख असते, नावे असतात. ती ऐकविण्यास तिची मुभा आहे काय, हे तिलाच विचारावे. मुद्रण झाल्यावर तिचा आवाज तिलाच प्रथम ऐकवावा. ती ‘हे नको’ म्हणाली, तर ते तिच्यादेखत पुसून टाकावे.

वर्गातील उपयोग

निपुण भारत हे अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. इयत्ता दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द मुलाने समजून वाचावेत, असे उद्दिष्ट त्यात ठेवलेले आहे. शब्द घड्याळावर मोजता येतात. समज मात्र विरामांत, आघातांत आणि आवाजाच्या चढउतारांत दिसते. जून महिन्यात प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन मुद्रित करावे, दिवाळीनंतर दुसरे आणि मार्चमध्ये तिसरे. तीस मुलांच्या वर्गाला हे दरवेळी अर्ध्या तासाच्या मुद्रणाचे काम आहे. तीन मुद्रणे ओळीने ऐकविली, तर मुलाला स्वतःची वाढ कानांनी कळते. जे मूल वर्गात मागे आहे, त्याला तर या पुराव्याची गरज सर्वांत अधिक असते. कारण गुणपत्रकात ते अजूनही शेवटचेच असते, पण स्वतःच्या जूनमधल्या आवाजापेक्षा ते किती पुढे आले आहे हे त्याला ऐकू येते. पालकही ते ऐकून समजतात. त्यासाठी त्यांना वाचता येण्याची गरज नाही.

मोठ्या मुलांकडे गावाचा संग्रह सोपवावा. शिवारातील शेतांची आणि ओढ्यांची नावे, पेरणीचे शब्द, सणाची गाणी, आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची हकिगत, यांची मुद्रणे मुलांनी घ्यावीत, नोंदवही मुलांनीच लिहावी. प्रश्न विचारणे, गप्प राहून ऐकणे, ऐकलेले लिहून काढणे, मोजणे आणि क्रम लावणे, या साऱ्यांचे शिक्षण त्यात आपोआप होते. शिक्षकानेही वर्षातून एकदा स्वतःचा एक तास मुद्रित करून एकट्याने ऐकावा. वर्गात शिक्षक किती बोलला आणि मुले किती बोलली, याचे उत्तर कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यापेक्षा ते मुद्रण अधिक खरेपणाने देते.

आरंभ कोठून करावा

मोठा संकल्प करून तो अर्ध्यावर सोडण्यापेक्षा लहान काम तडीस नेणे श्रेयस्कर. पुढील शिक्षण परिषदेपर्यंत प्रत्येक शाळेने एकच मुद्रण करावे. ते दहा मिनिटांचे असले तरी चालेल. परंतु ते संगणकावर उतरविलेले, ऐकून तपासलेले, नाव दिलेले, नोंदवहीत लिहिलेले आणि तीन जागी ठेवलेले असावे. ही पाचही कामे झाली, तरच मुद्रण झाले असे समजावे. कोणाचा आवाज घ्यावा हे ठरविणे कठीण नाही. गावातील सर्वांत वृद्ध माणसापासून आणि वर्गातील सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलापासून प्रारंभ करावा. पहिल्याच्या बाबतीत उशीर केला, तर ती वेळ पुन्हा येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत उशीर केला, तर त्याचे बोलणे ऐकणारे कोणी आहे हे त्याला कळतच नाही.